अनुभव धागा : घरी कोंबडं-बोकड कापायला कसे शिकलात?

लॉकडाऊनमध्ये मुंबई सोडून गुहागरजवळच्या गावी आलो, तो इथेच राहिलो. 12 गावठी कोंबड्या पाळल्या. पहिल्या गटारीला कळलं, की खायला सगळे आहेत, कापायला कोणीच नाही. नेहमीचे शेजारचे काका लेकीकडे गेलेले. शेवटी मीच कोयता घेतला. हात थरथरला, पण खरी फजिती पुढेच. चुलीवरचं खळखळतं पाणी तसंच ओतलं. पिसं निघाली आणि त्यांच्याबरोबर छातीची कातडीही सोलून आली. काका परतल्यावर म्हणाले, "अर्धं उकळतं, अर्धं विहिरीचं. झालं." नंतर थर्मामीटर घालून बघितलं (जुनी खोड), 63 अंश! अर्धा-पाऊण मिनिट बुडवायचं आणि पंखाचं मोठं पीस ओढून बघायचं. अलगद हातात आलं की बाहेर काढायचं.

तुम्ही कुणाकडून शिकलात? कुठे चुकलात? स्वतःच्या हातांनी केलेलंच सांगा.

सुरंगी (कुडाळ)
माझे गुरू सासूबाई. पहिल्याच वर्षी त्यांनी आडाळ्यासमोर (विळीसमोर) बसवलं आणि बजावलं, "पित्त फुटला तर ती सागोती तूच खायची." कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी, वालाच्या दाण्याएवढी. ती ओढायची नाहीच, भोवतीची थोडी कलेजी गेली तरी चालेल, पण कापूनच काढायची. शेपटीवरची तेलाची गाठही काढायची, नाहीतर रश्श्याला वास येतो.
पित्त सांभाळलं, पण घोळ आधीच झाला होता. पोट उघडलं तर आत पिवळ्या बलकांची माळ, लिंबाएवढ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत. सासूबाई ओरडल्या, "अगो, ही तर अंड्यार होती!" तेव्हापासून कोंबडी धरली की आधी मागची दोन हाडं चाचपते. मध्ये दोन-तीन बोटं बसली तर तिला सोडून द्यायचं.

खाडीकाठ (श्रीवर्धन)
कोंबडीचं ठीक आहे, बोकडाला माणसं लागतात. आमच्याकडे शिमग्यानंतर पाच-सहा घरं मिळून एक घेतात. फणसाच्या फांदीला मागच्या पायांनी टांगायचा. मागच्या नळीजवळ छोटी चीर देऊन हवा भरली, की कातडं मांसापासून सुटतं. आजोबा तोंडाने फुंकायचे, मी सायकलचा पंप वापरतो.
मला सोलताना एकच नियम शिकवला गेला. कातड्याला लागलेला हात मांसाला लावायचा नाही. केस चिकटला की तो वास मसाल्यानेही जात नाही. आणि पोट उघडण्याआधी गुदाभोवती गोल कापून ते सुतळीने घट्ट बांधायचं. मी पहिल्यांदा हे विसरलो. मग काय झालं ते जेवताना वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही, पण मागच्या मांड्या तासभर धूत बसलो होतो.
22 किलोच्या बोकडातून 10-11 किलो मटण पडतं. केळीच्या पानांवर वाटे घालायचे, प्रत्येकात थोडी कलेजी, थोडी चरबी, थोडी हाडं. मुंडी कोणाची यावरून मात्र दरवर्षी भांडण!

राजापूरचा
दोनच गोष्टी. आदल्या संध्याकाळी डालग्याखाली झाकून फक्त पाणी द्या, म्हणजे गळ्याची थैली रिकामी राहते. आणि कापल्या कापल्या टोपात टाकू नका. मांस ताठरतं आणि कितीही शिजवा, रबर. चार-पाच तास गार जागी किंवा फ्रीजमध्ये ठेवा. मरगळलेली कोंबडी मात्र कापायचीच नाही. मेली तर खोल खड्ड्यात पुरा.

सुरंगी (कुडाळ)
पेटा (कोंबडीच्या पोटातली दाणे दळणारी जाड पिशवी) साफ करताना कोणाला काय सापडलं तेही सांगा. मला चिरून आतली पिवळी साल सोलायला फार आवडतं, एका ओढीत निघते. खडे, काचेचा तुकडा, शर्टाचं बटण हे नेहमीचं. दोन वर्षांपूर्वी मात्र नणंदेच्या कानातल्याची सोन्याची फिरकी निघाली. झिजून गुळगुळीत झाली होती, आटे पार गेलेले. तिच्यावरून घरात तीन महिने भांडीवालीवर संशय होता.