शब्दचर्चा : नदीसाठी एकत्र आलेल्या संस्थांना मराठीत काय म्हणावं?

काठावरची :
नमस्कार मंडळी. काम अडलंय म्हणून धागा काढतेय. आमच्या शहरातल्या नदीसाठी अकरा संस्था एकत्र आल्या आहेत. एक संस्था दर महिन्याला पाण्याचे नमुने घेऊन तपासते, एका संस्थेकडे दोन वकील आहेत, दोन पक्षी बघणाऱ्यांचे गट आहेत, एक बचतगटांचं काम करणारी, बाकीच्या शाळांतून आणि सोसायट्यांमधून फिरतात. इंग्रजी पत्रकात या सगळ्यांना मिळून 'कोअलिशन' म्हटलंय. मराठी पत्रक माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं : 'जलस्त्रोतांच्या संरक्षणासाठी कार्यरत ना-नफा पर्यावरणीय संस्थांची युती'. घरी मोठ्यानं वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, "मग जागावाटप ठरलं का?"

'आघाडी' लिहिलं तरी तेच विचारतील. दुसरा शब्द सुचवा. बाकीचं वाक्यही माणसानं लिहिल्यासारखं करून मिळालं तर उपकार होतील.

रफार :
आधी शुद्धलेखन, मग बाकी. 'स्त्रोत' नव्हे, 'स्रोत'. यात त एकच, शेवटचा. 'स्रु' म्हणजे वाहणे, त्यावरून स्रोत. 'स्त्री' लिहून लिहून हाताला सवय लागते आणि जास्तीचा त आपोआप पडतो. सरकारी फलकांवरही पडलेला दिसतो.

गंमत म्हणजे संस्कृतात स्रोतस् म्हणजे प्रवाह. आपण तो 'जिथून मिळतं ते ठिकाण' या अर्थानं वापरायला लागलो : उत्पन्नाचा स्रोत, माहितीचा स्रोत. त्यामुळे 'जलस्रोत' म्हटलं की विहीर, बोअर, टाकी डोळ्यांपुढे येते. वाहतं पाणी येत नाही. तुमची नदीच आहे ना? मग 'नदी' लिहा.

'ना-नफा' काढा. 'ना नफा ना तोटा' हे वह्या विकताना म्हणतात. 'धर्मादाय'ही नको. नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असली तरी वाचणाऱ्याला दवाखाना आठवतो. 'स्वयंसेवी संस्था' पुरे. 'पर्यावरणीय संस्था' तर मला कधीच कळलेलं नाही; संस्था पर्यावरणाचं काम करते, ती स्वतः पर्यावरणीय कशी?

काठावरची :
रफारजी, त काढला. वाक्यातलं जवळजवळ सगळंच निघालं की! उरली 'युती'.

माजी कालवा निरीक्षक :
नावात काय आहे असं म्हणू नका. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. पुढे पाटी बदलून 'जलसंपदा विभाग' झाली. 'पाटबंधारे'मध्ये पाट होता, बंधारा होता, खातं काय करतं ते नावातच होतं. संपदा म्हटलं की पाणी आधी मालमत्ता झालं.

तुमच्या प्रश्नाला जवळचं उदाहरण आमच्याच क्षेत्रातलं देतो. दिंडोरी तालुक्यातलं वाघाड धरण. कालव्याच्या शेवटाला ओझर. तिथं पाणी पोचायचंच नाही. समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये वगैरे मंडळींनी १९९० च्या सुमारास तिथल्या शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या : महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. खात्याकडून पाणी मोजून घ्यायचं आणि आपसांत वाटायचं. पण शेवटच्या तीन संस्था कितीही शिस्तीच्या असल्या तरी वरच्यांनी दारं उघडी टाकली तर खाली काय येणार? म्हणून वरच्यांना बरोबर घेणं भाग होतं. पुढे धरणावरच्या २४ संस्था झाल्या आणि त्या सगळ्यांची मिळून एक प्रकल्पस्तरीय संस्था. तुमची 'कोअलिशन' म्हणजे हीच.

आता शब्द बघा. कायद्यात (२००५ चा, सिंचन पद्धतीच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाचा) 'प्रकल्पस्तरीय पाणी वापर संस्था'. शेतकऱ्याच्या तोंडी नुसतं 'सोसायटी', आणि वरची ती 'मोठी सोसायटी'. कालव्याच्या शेवटाला कागदावर 'पुच्छ भाग', बोलताना 'टेल'. 'आमचं रान टेलला आहे' एवढं म्हटलं की पुढचं रडगाणं सांगावं लागत नाही. 'पुच्छ' म्हणणारा शेतकरी मला अख्ख्या नोकरीत भेटला नाही.

सत्तरीकर :
गोव्यातून दोन शब्द. आमच्याकडे 'म्हादई बचाव अभियान' आहे. वेगवेगळ्या संस्थांची, कार्यकर्त्यांची, शिक्षकांची मोट. नावातले तिन्ही शब्द चर्चेचे आहेत.

'म्हादई' ही सत्तरी तालुक्यातल्या लोकांची हाक. तीच नदी खाली पणजीला 'मांडवी' होते. केंद्रानं २०१० मध्ये लवाद नेमला त्याचं नाव मात्र 'महादायी' जलतंटा न्यायाधिकरण. एकाच पाण्याची तीन नावं. पणजीतल्या माणसाला मांडवी आपली वाटते, म्हादई 'तिकडची' वाटते. नळाला येणारं, खाडीत भरणारं पाणी तेच आहे हे पटवण्यात अभियानाची बरीच शक्ती गेली असणार, असं माझं मत.

'बचाव' हा मराठीत नाम आहे : बचाव पक्ष, बचाव पथक. 'बचाओ' हे हिंदी आज्ञार्थ. 'नर्मदा बचाओ आंदोलन' हिंदीतून आलं म्हणून ओकारान्त. म्हादईचं पाणी वळवण्याच्या कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा योजनेचा विषय निघाला की मराठी वर्तमानपत्रं दोन्ही लिहितात. शुद्ध मराठी 'म्हादई वाचवा' व्हायला हवं, पण ते भिंतीवरच्या घोषणेला बरं, संस्थेच्या नावाला नाही.

आणि 'अभियान'. अभियानाला सुरुवात असते, शेवट असतो, बहुतेकदा उद्घाटन असतं. 'जलयुक्त शिवार अभियान' आठवा. पण आमचं सर्वोच्च न्यायालयापासून लवादापर्यंत गेलं, ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा आला (कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३ टीएमसी), तरी अजून चालूच आहे. इतकं लांबलेलं अभियान 'अभियान' राहतं का?

रफार :
जाता जाता : टीएमसी म्हणजे 'अब्ज घनफूट'. मराठी शब्द तयार आहे, सोपा आहे, तरी कोणी वापरत नाही. उलट 'दशलक्ष घनमीटर'चं 'दलघमी' मात्र खात्यात छान रुळलंय. १ टीएमसी म्हणजे साधारण २८.३ दलघमी.

माजी कालवा निरीक्षक :
दलघमी आमचं लाडकं! धरणावरच्या फळ्यावर खडूनं रोज लिहिलंय.

काठावरची :
'समन्वय' कसा वाटतो? एका वकीलताईंनी सुचवलाय.

उन्हाळी नांगरट :
मेधाताईंच्या वगैरे व्यापक मंचाचं नाव 'जनआंदोलनांचा राष्ट्रीय समन्वय' असंच आहे. इंग्रजीत तिथं 'अलायन्स' आहे, म्हणजे भाषांतर करणाऱ्यानं मुद्दाम 'आघाडी' टाळलेली दिसते. नर्मदेचंही मूळ बघा. महाराष्ट्रात आधी 'नर्मदा धरणग्रस्त समिती' होती, मध्य प्रदेशात निमाडच्या लोकांची 'नर्मदा घाटी नवनिर्माण समिती'. एकीच्या नावात बुडणारे लोक, दुसरीच्या नावात खोरं. पुढे सगळे 'आंदोलन' या नावाखाली आले. समिती म्हणजे मोजकी माणसं. आंदोलनात मोजणी नसते, जो येईल तो आपला.

'समन्वय' या शब्दाचा दोष एवढाच की तो गोड आहे. त्यात कोणाला काही द्यावं लागत नाही. 'समन्वय बैठक' म्हटलं की मला तरी बिस्किटांची बशी आणि पाण्याच्या छोट्या बाटल्या दिसतात. नदीवाल्यांच्या बैठकीतसुद्धा.

साक्रीचा नातू :
आमच्या धुळ्याकडे पांझरा नदीकाठी फड पद्धत होती, अजून कुठे कुठे शिल्लक आहे. नदीवर ओळीनं बंधारे, प्रत्येक बंधाऱ्याचा पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कुठल्या फडात काय ते सगळ्यांनी बसून ठरवायचं. पाणी सोडणारा पाटकरी, पिकं राखणारा जागल्या, त्यांच्यावर हवालदार. आजोबा सांगायचे, पाटकऱ्याचा शब्द मालकावर चालायचा. स्वतःच्या शेतात स्वतः दारं धरायची नाहीत.

'नदीचा फड' म्हणा की! पण तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड, तुमचं पत्रक वाचून लोक कुठल्या फडाला येतील सांगता येत नाही.

पुरंदरची लेक :
'पंचायत' कोणी कसं काढलं नाही? ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी आमच्या नायगावला काम सुरू केलं, त्यातून 'पाणी पंचायत' झाली. पाणी जमिनीच्या मापानं नाही, माणसांच्या संख्येनं : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जायचा नाही. हे सगळं 'पंचायत' या एका शब्दात बसवलेलं होतं.

पुढे ओडिशा सरकारनं २००२ मध्ये कायदा केला त्याचं नावच 'पाणी पंचायत' कायदा. पण ती नेहमीची पाणी वापर संस्था, लाभक्षेत्रातल्या जमीनवाल्यांची. शब्द तोच, आतला माल वेगळा. तुमच्या अकरा संस्थांनी पंचायत नाव घेतलं तर लोक विचारतील, पाण्यात वाटा कोणाला देणार? तयारी असेल तरच घ्या.

सत्तरीकर :
राजस्थानात तर 'संसद' आहे. अरवरी नदीकाठच्या सत्तरेक गावांची, तरुण भारत संघाच्या कामातून झालेली. जोहड, म्हणजे पावसाचं पाणी अडवणारी मातीच्या बांधांची तळी, बांधून नदी पुन्हा वाहती झाली, मग तिचं पाणी कोणी किती उपसायचं याचे नियम करायला संसद.

उन्हाळी नांगरट :
हो, आणि तिथं शब्द शोभतो, कारण प्रश्न पाणी आणण्याचा संपून पाणी आवरण्याचा झाला होता. काठावरचीताईंचं तसं नाही. त्यांच्या संस्थांकडे नियम करायचा अधिकार नाही. एकीकडे प्रयोगशाळा, एकीकडे वकील, एकीकडे माणसं. एकटीचं कोणाचंच भागत नाही. नमुने तपासून अहवाल कपाटात राहणार, वकिलाला हरित न्यायाधिकरणात दाखवायला आकडे नाहीत, आणि बचतगटाच्या बायकांना नाल्याला रात्री फेस कधी येतो ते पक्कं माहीत, पण त्यांना विचारतो कोण?

याला आपल्याकडे शब्द आहे : सावड. तुझा एक बैल, माझा एक बैल, जोडी झाली. आज तुझं रान, उद्या माझं. ज्याच्याकडे जे आहे ते द्यायचं आणि मोजून परत घ्यायचं. काही भागांत 'वारंगुळा' म्हणतात, आळीपाळीनं एकमेकांच्या शेतात राबणं. 'इर्जिक' वेगळं. इर्जिकाला एकाच्या शेतावर सगळे आपापले नांगर घेऊन येतात, तो जेवण घालतो, हिशोब नाही. बऱ्याच 'कोअलिशन' मुळात इर्जिक असतात. निधी एका संस्थेचा, फलकावर नाव तिचं, बाकीच्यांना जेवण आणि प्रमाणपत्र. ते वाईट नाही, पण त्याला सावड म्हणू नये.

पुरंदरची लेक :
काय शब्द काढलात! सावड घ्याच ताई. 'नदीची सावड'.

साक्रीचा नातू :
+१. 'संरक्षण'सुद्धा बदला मग. संरक्षण सीमेचं करतात. रान राखतात, पीक राखतात, पाणीही राखावं. 'नदी राखणाऱ्या संस्थांची सावड'.

रफार :
अर्थ उत्तम. पण ज्यांनी बैल पाहिले नाहीत त्यांच्या कानात 'सावड'च्या आधी 'सावडणे' आहे. तिसऱ्या दिवशीचं. राख सावडणे. आणि तुम्ही 'राखणे' शेजारी बसवलंय. राखणे, सावड, नदी. वाचणारा थेट घाटावर जाईल.

साक्रीचा नातू :
अरे देवा.

काठावरची :
काल बैठक झाली. सगळ्यांचे आभार, तुमचे प्रतिसाद मी छापून नेले होते. 'सावड' वाचल्यावर बचतगटाच्या तिघीजणी लगेच मान डोलवायला लागल्या, त्यांना समजावून सांगावंच लागलं नाही. एका पक्षीमित्रांनी रफार म्हणतात तेच म्हटलं, आणि वर असंही की आपण रक्षाविसर्जनासाठी काठावर वेगळे कुंड करा म्हणून महापालिकेला पत्र दिलंय, त्याच पत्रावर हे नाव? सगळे हसले, नाव बारगळलं.

पण इर्जिकाचा मुद्दा कोणी हसण्यावारी नेला नाही. तासभर त्यावरच गेला. कोण काय देतं आणि त्याला बदल्यात काय मिळतं, याचा तक्ता फळ्यावर काढला. प्रयोगशाळेच्या रकान्यात 'देते' खाली सहा ओळी आणि 'मिळतं' खाली काहीच नाही, हे पहिल्यांदा दिसलं. त्यांचे प्रतिनिधी गप्प बसून होते.

पत्रकावर तूर्त असं जातंय : 'नदी राखण्यासाठी आम्ही अकरा संस्था मिळून काम करतो.' खाली अकरा नावं. नाम मिळालं नाही म्हणून क्रियापदावर भागवलं. लेटरहेडसाठी वकीलताईंनी 'नदी समन्वय समिती' पक्कं केलं, कारण न्यायाधिकरणात अर्ज करायला काहीतरी नाव लागतंच. व्हॉट्सॲप गटाचं नाव मात्र रात्री कोणीतरी बदलून 'सावड' केलंय आणि अजून कोणी परत बदललेलं नाही.

रफारजी, 'अकरा संस्था मिळून' की 'अकरा संस्था मिळुन'? छपाईला उद्या सकाळी जायचंय.

रफार :
मिळून. दीर्घ.