अनुभव धागा: एकट्याने पायी नर्मदा परिक्रमा, निघण्याआधीची तयारी

कार्तिकी एकादशी जवळ आली की मराठवाड्यातून कुणी ना कुणी ओंकारेश्वरची वाट धरतंच. दोन्ही काठ मिळून साधारण 2600 किलोमीटर. रोज 20 चाललं तरी चार महिन्यांच्या वर जातात. एकट्याने जाऊन आलेल्यांनी निघण्याआधी काय केलं ते लिहावं. वाटेतल्या अनुभूतींसाठी वेगळा धागा काढू, इथं पाय, पाठ आणि घर एवढंच.

अंबाजोगाईहून
पंढरीची वारी केलेली, त्यामुळं चालण्याची भीती नव्हती. पण वारीत सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं, इथं सगळं आपल्याच पाठीवर. म्हणून भादव्यापासून सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून पहाटे परळीच्या रस्त्याला लागायचो. आधी पाच किलो, मग आठ. 25 किलोमीटर चालून वैजनाथाचं दर्शन घ्यायचं, एसटीनं परत. खरा सराव दुसऱ्या दिवशीचा. पोटऱ्या ठणकत असताना पहाटे उठून पुन्हा तेवढंच चालायचं. एक दिवस कुणीही चालतो हो. आणि कमरेला पट्टा नसलेली सॅक घेऊच नका, सगळा भार खांद्यावर येतो.

नांदेडहून
बूट एक नंबर मोठे घ्या. दुपारपर्यंत पाय सुजतात. नवे बूट घालून थेट ओंकारेश्वरला उतरू नका, महिनाभर गावात वापरा.

परभणीहून
बाई माणूस, त्यात एकटी, म्हणून घरचे तयार नव्हते. त्यांच्याशी एवढंच ठरवलं: रोज मुक्कामाला पोचले की गावाचं नाव कळवायचं, आणि शूलपाणीच्या झाडीत रेंज नसते तेव्हा घाबरायचं नाही. बीपीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून महिन्याभराच्या घेतल्या, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला. आश्रमात कधी शिजलेलं जेवण मिळतं, कधी सदावर्तात कोरडा शिधा, म्हणून एक छोटं पातेलं हवंच. आपल्या भागातल्या माणसाला पौषातली काठावरची थंडी झेपत नाही. साडी एक कमी न्या, पण कानटोपी आणि हलकी स्लीपिंग बॅग राहू देऊ नका.

औसा तालुक्यातून
शेतकऱ्यानं निघायचं तर आधी शेताचं बघावं लागतंय. सोयाबीन काढून, ज्वारी-हरभऱ्याची पेरणी उरकूनच मी निघालो. काढणी मी परत येण्याआधीच होणार होती, म्हणून मळणीवाल्याशी आधीच बोलून ठेवलं, पैसे धाकट्या भावाकडं दिले. बँकेचं पासबुक, कर्जाच्या हप्त्याची तारीख, मोटारीच्या स्टार्टरवाल्याचा नंबर, सगळं एका वहीत लिहून मंडळीच्या हातात दिलं. कुणी निघायलंय तर ही वही दिवाळीच्या आधीच लिहायला घ्या, ऐन वेळी निम्मं आठवत नाही.