एकदिवसीय परिषदा बंद करून आठवड्याच्या कार्यशाळा घ्याव्यात का?

खडूफळा (धागाकर्ता)

डिसेंबर लागला की प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटात रोज एक ब्रोशर येऊन पडतं. 'एकदिवसीय आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद'. आंतरराष्ट्रीय कशामुळे, तर नेपाळचे एक वक्ते झूमवर पंधरा मिनिटं बोलणार असतात. विषय एवढा ऐसपैस की त्यात ज्ञानेश्वरीपासून जीएसटीपर्यंत सगळं बसतं.

प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते इथल्या बहुतेकांना पाठ आहे. नोंदणी दहाला, पाहुण्यांची गाडी साडेअकराला. दीपप्रज्वलन, विद्यापीठगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, मग संस्थेच्या अध्यक्षांचं मनोगत. बीजभाषण सुरू होईतो जेवणाची वेळ झालेली असते. दुपारी एका वर्गात वीस-पंचवीस शोधनिबंध. सत्राध्यक्ष घड्याळ दाखवत म्हणतात, "सर, फक्त निष्कर्ष सांगा." ज्याचं वाचून होतं तो उठून थेट प्रमाणपत्राच्या टेबलाकडे. शेवटच्याला श्रोते कोण, तर त्याच्याबरोबर गाडीतून आलेले दोघे.

हे का चालतं? प्राध्यापकांना बढतीसाठी संशोधनाचे गुण लागतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीतला त्या गुणांचा तक्ता बघा. निबंधवाचनाला राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २ गुण, राष्ट्रीयला ३, देशातच झालेल्या आंतरराष्ट्रीयला ५, परदेशातल्याला ७. नेपाळचे वक्ते कशाला लागतात ते आता कळलं असेल.

माझं म्हणणं सरळ आहे. हे बंद करा. त्याच पैशात तीस जणांची आठवड्याची कार्यशाळा घ्या, एकच विषय, रोज काम. पुण्यात आयुका हे कितीतरी वर्षं करतंय. विद्यापीठं आणि कॉलेजांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना खगोलशास्त्राच्या संशोधनात आणण्यासाठीच ती संस्था उभी राहिली. तिथून आलेला माणूस निदान काहीतरी करायला शिकून येतो.

घाटमाथा

तक्ता अर्धाच वाचलात सर. त्याखाली टीप आहे: व्याख्यानं, निबंधवाचन आणि धोरणविषयक दस्तऐवज मिळून एकूण संशोधनगुणांच्या ३० टक्क्यांपलीकडे धरत नाहीत. पदोन्नतीने प्रोफेसर व्हायला किमान ११० गुण लागतात, त्यात इथून फार तर ३३ येणार. देशातल्या सहा-सात 'आंतरराष्ट्रीय' परिषदा झाल्या की कोटा संपला. तरी लोक जातातच ना? मग सगळं खापर गुणांवर कसं फोडता? मला तरी चहाच्या रांगेत दुसऱ्या विद्यापीठातला माझ्याच विषयावरचा माणूस भेटतो. आमच्या विभागात मी एकटाच आहे, बोलायचं कुणाशी?

नदीकाठ

मी तालुक्याच्या कॉलेजात परिषदेची समन्वयक होते. शाल-श्रीफळावर हसणं सोपं आहे. पण आमच्या एम.ए.च्या मुलींनी नोंदणीचं टेबल सांभाळलं, फाइली भरल्या आणि ज्यांचं पुस्तक अभ्यासक्रमाला आहे त्या बाईंना थेट प्रश्न विचारला. पुण्या-मुंबईत असं दर आठवड्याला होत असेल, आमच्याकडे वर्षातून एकदा. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनात दाखवायला, घेतली का? हो, घेतली. त्यानं मुलींचं काय बिघडलं?

आणि आठवडाभर घर सोडून राहायचं म्हणजे मुलाची शाळा, सासूबाईंची औषधं कुणी बघायची? तुमच्या त्या तीस जणांत बायका किती असतील, सांगा बरं.

तासिकेवाला

सर, आम्हा तासिका तत्त्वावरच्या लोकांना कर्तव्यरजा वगैरे काही नसते. तास घेतला तर पैसे. आठवड्याच्या कार्यशाळेला गेलो तर त्या आठवड्याचं मानधन बुडालं, वर प्रवास आणि राहणं खिशातून. शनिवारची परिषद परवडते, रात्री घरी येता येतं.

पीएच.डी.वाल्यांचंही लिहितो. २०१६च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी दोन परिषदांत निबंधवाचन सक्तीचं होतं, २०२२च्या नियमांतून ती अट गेली. आमच्या मार्गदर्शकांना मात्र ते अजून पटलेलं नाही. त्यामुळे ब्रोशर आलं की मी आधी नोंदणी शुल्क बघतो, मग विषय.

प्रयोगवही

धागाकर्त्याला +१, पण 'परिषद' हा प्रकारच वाईट असं नाही. मराठी अर्थशास्त्र परिषद घ्या किंवा इतिहास परिषद. अधिवेशन दर वेळी नव्या गावी, माणसं बरीचशी तीच. गेल्या वर्षीचा वाद पुढच्या वर्षी तिथूनच सुरू होतो. दहा वर्षांपूर्वी तुम्ही काय म्हणाला होतात ते कुणीतरी मुद्दाम काढतो. हे बहुविद्याशाखीय मेळाव्यात होणं शक्य नाही. तिथे कुणाला कुणाचं खोडता येण्याइतकं कळतच नाही.

आणि मोठं नाव असलं की दर्जा येतो असंही नाही. २०१५ साली मुंबई विद्यापीठात १०२वी इंडियन सायन्स काँग्रेस भरली होती, तिथे प्राचीन भारतातल्या विमानांवर निबंध वाचला गेला. जगभर हसं झालं. (२०२०च्या टाळेबंदीतली वेबिनारं तर विसरलेलीच बरी. प्रश्नमंजुषा सोडवा, ई-प्रमाणपत्र मेलवर.)

खडूफळा

नदीकाठ मॅडम आणि तासिकेवाले, तुमची अडचण खरी आहे. मग आठवड्याचे तुकडे करा, चार शनिवार. मॅडम, मुलींच्या प्रश्नासाठी व्याख्यान ठेवा की, त्याला परिषदेचा मांडव कशाला? आणि परिषद घ्यायचीच असेल तर अट घाला: पूर्ण निबंध पंधरा दिवस आधी, दिवसाला फक्त आठ निबंध, प्रत्येकी अर्धा तास, त्यातली पंधरा मिनिटं प्रश्नांना.

घाटमाथा

आठ कोण निवडणार? आयोजकांच्या ओळखीचे आठ. आज निदान तासिकेवाल्यांसारख्या नवख्यालाही पाच मिनिटं मिळतात.

नदीकाठ

पूर्ण निबंध आधी मागवायची अट आम्ही घातली होती, सर. मुदत संपली तेव्हा हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे आले. नोंदणीच होईना. मंडप, जेवण, पाहुण्यांचा प्रवास आणि मानधन, हे सगळं नोंदणी शुल्कातूनच निघणार होतं. अनुदान मंजूर होतं, पण ते हिशेब सादर केल्यावर मिळणार. शेवटी प्राचार्यांनी सांगितलं, मुदत वाढवा आणि सारांशावर प्रवेश द्या. दोन दिवसांत नोंदणी फुल्ल. तुमच्या आठ निबंधांच्या परिषदेचं जेवण कुणाच्या खात्यातून जाणार, तेवढं सांगा. पुढच्या जानेवारीत मीच घेते.