मदत हवी आहे: ':होस्ट([डिसेबल्ड])' आयई ११ (इंटरनेट एक्सप्लोरर ११) मध्ये बाहेरच्या सीएसएसवर मात करतो

वेब कंपोनंट लायब्ररीतलं 'माय-बटन' हे एलिमेंट नेटिव्ह शॅडो डॉम (एलिमेंटची आतली रचना आणि स्टाइल पानापासून वेगळी ठेवणारी सोय) असलेल्या ब्राउझरमध्ये आणि आयई ११ मध्ये (वेबकंपोनंट्स पॉलिफिल, म्हणजे जुन्या ब्राउझरला नसलेली सोय पुरवणारा कोड, आणि शॅडो डॉमच्या स्टाइलची नक्कल करणारं शेडीसीएसएस) सारखं दिसायला हवं.

आतल्या टेम्प्लेटमध्ये ':होस्ट([डिसेबल्ड])' ला, म्हणजे 'डिसेबल्ड' ॲट्रिब्युट असलेल्या खुद्द 'माय-बटन' ला (होस्टला), राखाडी बॅकग्राउंड आहे. पानाच्या सीएसएसमध्ये 'माय-बटन' ला निळा. नेटिव्हमध्ये स्पेसिफिसिटी (सिलेक्टरचं वजन) कितीही असो, बाहेरचा नियम जिंकतो, म्हणून बटन निळं. हेच आम्हाला हवंय. शेडीसीएसएस मात्र त्या सिलेक्टरचं 'माय-बटन[डिसेबल्ड]' करतं. ॲट्रिब्युटमुळे त्याचं वजन नुसत्या टॅगपेक्षा जास्त, म्हणून आयईत राखाडी.

आधीच केलेलं: शेडीसीएसएसची फंक्शन्स, 'प्रिपेअरटेम्प्लेट' एलिमेंट डिफाइन करण्याआधी आणि 'स्टाइलएलिमेंट' कनेक्टेडकॉलबॅकमध्ये (एलिमेंट पानात आल्यावर चालतो तो), बोलावतो, स्कोपिंग क्लास (स्टाइल त्या एलिमेंटपुरती ठेवणारे) नीट लागतात. पानाच्या स्टाइलटॅगचा क्रम बदलून पाहिला, फरक शून्य, कारण प्रश्न क्रमाचा नाहीच. रंग आतल्या डिव्हवर नेला, तर तो डिव्ह बाहेरचा निळा झाकतो, मग दोन्हीकडे राखाडी. ':होस्ट([हिडन])' ला आतून '!इम्पॉर्टंट' देऊन तो भाग सुटला, पण तिथे आतला नियम जिंकायला हवा होता. इथे नेमकं उलट.

अडचणी: पानाचं सीएसएस वापरणाऱ्या टीम लिहितात, त्यांना सिलेक्टर जड करायला किंवा '!इम्पॉर्टंट' लावायला सांगता येत नाही. ':व्हेअर()' (सिलेक्टरचं वजन शून्य करणारा) आयईत चालत नाही. आयई सोडता येणार नाही.

डिसेबल्ड अवस्थेचा होस्टवरचा नियम शेडीसीएसएसमधून नुसत्या टॅगच्या वजनाने बाहेर काढायची काही रीत आहे का? की डिसेबल्डचा डिफॉल्ट रंग होस्टवर ठेवूच नये?