मदत हवी आहे : काकुमा छावणीतल्या मित्रासाठी

माझा एक समलिंगी मित्र युगांडातून पळून आलाय, केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत राहतो. युगांडात २०२३च्या कायद्याने समलिंगी संबंधांना जन्मठेप, काही प्रकरणांत फाशीसुद्धा आहे. पण केनियाच्या कायद्यातही १४ वर्षांपर्यंत कैद आहेच! त्यामुळे मारहाण झाली तरी तक्रार करायला तो घाबरतो. पाण्याच्या रांगेतही एकटा जात नाही.

तिसऱ्या देशात पुनर्वसनासाठी कुणी अर्ज केलाय का? रेनबो रेलरोड या, छळ होणाऱ्या समलिंगींना सुरक्षित देशात जायला मदत करणाऱ्या संस्थेकडे मदत मागताना कोणती कागदपत्रं लागतात? आणि त्याची ओळख उघड न होता पैसे कसे पाठवू? त्याचं नाव कृपया विचारू नका. रोज रात्री ‘ठीक आहे’ एवढाच मेसेज येतो. तो येईपर्यंत झोप लागत नाही.