सोसायटीतल्या आंब्यावर मुलांनी चढायचं नाही अशी नोटीस लागलीये, तुम्ही काय केलं असतं?

सिंहगडरोडची_आई

आम्ही सिंहगड रोडला राहतो, मुलगा नऊ वर्षांचा. सोसायटीच्या मागे कंपाउंडला लागून एक जुना आंबा आहे, बिल्डरने कसा काय ठेवला देव जाणे. चार-पाच पोरं रोज संध्याकाळी त्याच्यावर चढून बसायची. मागच्या महिन्यात एक मुलगी उतरताना घसरली, कोपर खरचटलं, तिने नळाखाली हात धुतला आणि परत खेळायला गेली. पण कोणीतरी वरच्या गॅलरीतून व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला आणि मग विचारू नका. दोन दिवसांत नोटीस! झाडावर चढायचं नाही, पार्किंगमध्ये बॉल नाही, पॅसेजमध्ये सायकल नाही. उरलं काय तर रबरी फरशीवर एक घसरगुंडी आणि दोन झोपाळे, त्यात पाच वर्षांच्या वरच्या कुठल्या मुलाला इंटरेस्ट असणारे?

मी साताऱ्याची, आम्ही पोरंपोरं अजिंक्यताऱ्यावर जायचो, घरी फक्त सांगून जायचं. आज माझा मुलगा समोरच्या दुकानातून दूध आणायला निघाला तरी मी खिडकीत उभी राहते. नवरा म्हणतो नोटीस बरोबर आहे, उद्या डोकं फुटलं तर कोण बघणार, आणि सासूबाई म्हणतात पोर घरात बसून आंबून जाईल. मला दोघांचंही पटतं हीच पंचाईत आहे. कृपया नुसतं आमच्या वेळी असं होतं तसं होतं लिहू नका, आत्ता पुण्यात तुम्ही मुलांना काय करू देता, काय नाही, आणि कमिटीशी कसं बोललात ते सांगा.

नारायणपेठ_७२

ताई, आमच्या वेळचं थोडं सांगावंच लागेल, कारण त्यातलं अर्धंच लोक सांगतात. मी नारायण पेठेत वाड्यात वाढलो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, नदीकाठच्या पेठांतले किती वाडे गेले त्याला हिशोब नाही, आणि नंतर कितीतरी दिवस त्या पडक्या जोत्यांवर आमचा डबाऐसपैस चालायचा. खाली विटा, खिळे, विंचू, सगळं होतं. पण आमचे आईवडील फार धीराचे होते म्हणून आम्हाला सोडायचे असं नाही हो. चौकात धुणं धुणारी काकू, ओट्यावर बसलेले आजोबा, कोपऱ्यावरचा वाणी, सगळ्यांना आम्ही कोणाचे कोण ते ठाऊक होतं आणि कोणीही कान पिळू शकायचं. एकटं सोडलंय असं दिसायचं, एकटं कोणीच नसायचं. आज तुमच्या सोसायटीत शंभर फ्लॅट आहेत, कॅमेरे आहेत, पण घसरलेल्या पोरीचा व्हिडिओ काढला जातो, खाली कोणी येत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता झाडाचं. नातवाला मी शिकवलंय ते सांगतो, उपयोग होईल. पहिलं म्हणजे पोराला उचलून फांदीवर बसवायचं नाही, कितीही हट्ट केला तरी. स्वतःच्या हातापायाने जेवढं चढेल तेवढंच त्याचं झाड, कारण तेवढंच त्याला उतरताही येतं. दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय, तीन गोष्टी कायम झाडाला धरलेल्या, चौथी हलवायची. पाय ठेवायचा तो फांदीच्या बुडाशी, खोडाजवळ, टोकाकडे नाही. पान नसलेली, साल सुटलेली फांदी धरायची नाही. पावसाळ्यात शेवाळ असतं तेव्हा झाड बंद. आंब्यावर लाल मुंग्यांनी पानं चिकटवून घरटी केलेली असतात ती आधी खालून बघायची, कारण मुंग्या चावायला लागल्या की हात सुटतो. आणि झाड कुठलं ते कळायला हवं, शेवगा आणि जांभूळ ठिसूळ, दिसायला जाड फांदी पण कटकन जाते, गुलमोहरही तसाच. पेरू आणि चिंच चिवट. आंबा चांगला, फक्त वाळकी फांदी ओळखता आली पाहिजे.

अजून एक, खालून पडशील पडशील ओरडायचं नाही. पोर खाली बघतं आणि बावचळतं. त्यापेक्षा विचारायचं, आता पाय कुठे ठेवणार? ते लगेच पायाकडे बघतं.

मल्लखांबवाली_आई

काकांचं झाडाचं सगळं मान्य, पण एक गोष्ट मनापासून लिहावीशी वाटते. जुन्या काळाची ही मोकळीक मुलग्यांची होती. माझा भाऊ कॅनॉलला पोहायला जायचा, पाठीला पत्र्याचा डबा बांधून शिकला, पर्वतीच्या पायऱ्यांवर शर्यती लावायचा, भाड्याची सायकल घेऊन नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारत सारसबागेपर्यंत जायचा. मी दिवेलागणीला घरात, आणि झाडावर चढले तर मुलगी असून काय हे म्हणून बोलणी. आणि त्या कॅनॉलमध्ये मुलं बुडालीही आहेत, आमच्या गल्लीतला एक मुलगा गेला, त्याच्या आईला मी नंतर कित्येक वर्षं बघत होते. म्हणून आम्ही पडलो झडलो आणि काही झालं नाही असं कोणी म्हटलं की मला राग येतो, कारण ज्यांना झालं ते हे सांगायला नाहीत.

पण म्हणून मुलीला बांधून ठेवलंय असंही नाही. आठवीतली लेक मल्लखांब करते. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला परत उभं केलं तो आपला खेळ, आपल्याच शहरात महाराष्ट्रीय मंडळ १९२४ पासून व्यायाम शिकवतंय, पुण्याला हे काही नवीन नाही. आठ-साडेआठ फुटांच्या लाकडाच्या टोकावर पोर उलटं उभं राहतं आणि आम्ही पालक खाली टाळ्या वाजवतो. तेच पोर घरी येऊन सोसायटीच्या पेरूवर सहा फूट चढलं की मिटिंग! सरांनी तिला पहिले कित्येक दिवस फक्त सुटायचं कसं आणि खाली यायचं कसं एवढंच शिकवलं, गुडघे मऊ ठेवून, हात मागे न टेकता. आता ती कुठेही पडली तरी नीट पडते. सिंहगडरोड ताई, तुमच्या सोसायटीतल्या पोरांना हे शिकवणारं कोणीतरी एक रविवार बोलवा, नोटीस काढणाऱ्यांनाही समोर बसवा.

बाणेर_कमिटी

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे म्हणून दुसरी बाजू लिहितो. कमिटीला मुलांशी वैर नसतं, भीती असते की काही झालं तर चेअरमन आणि सेक्रेटरीचं नाव पुढे येईल, आणि ते पद कोणाला हौसेने घ्यायचं नसतं. पण आम्ही शांतपणे बसून बघितलं की आमच्याकडे मुलांना खरंच काय लागलंय, तेव्हा झाड कुठेच नव्हतं, होत्या त्या रिव्हर्स घेणाऱ्या गाड्या आणि रॅम्पवरून येणाऱ्या डिलिव्हरीच्या बाइक.

इंग्लंडमधले संशोधक मेयर हिलमन यांचा १९९० चा अभ्यास बघा. तिथली सात-आठ वर्षांची ८०% मुलं १९७१ मध्ये एकटी शाळेत जायची, १९९० मध्ये तो आकडा ९% वर आला. त्यांचं म्हणणं, रस्त्यावर मुलं कमी मरतात म्हणून रस्ते सुरक्षित झाले असं सरकार सांगतंय पण खरं म्हणजे रस्त्यावरून मुलंच काढून घेतलीत. वाचताना मला आपला कर्वे रोड दिसत होता. एके काळी सायकलींचं शहर म्हणून नाव असलेल्या गावात आज दहा वर्षांच्या मुलाला सायकल घेऊन सिग्नल ओलांडायला सांगायची माझी हिंमत नाही, आणि यात दोष त्या मुलाचा किंवा माझ्या काळजीचा नाही, गाड्यांचा आहे.

तर आम्ही केलं ते असं. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मागचा ड्राइव्ह-वे गाड्यांना बंद, दोन कोन आणि एक वॉचमन, बास. भांडणं झाली, एका काकांनी तर मेंटेनन्स भरणार नाही म्हणून सांगितलं, पण सहा महिन्यांत बसलं आणि आता तिथे लगोरी चालते. झाडाच्या बाबतीत माळ्याकडून वाळक्या फांद्या काढून घेतल्या, खालच्या फरश्या उचलून भुसभुशीत माती आणि पालापाचोळा टाकला, आणि पालकांकडून एक साधं पत्र घेतलं की आमच्या परवानगीने चढतोय. पत्राला कायद्यात फार वजन नाही हे माहितीये, पण त्यामुळे घराघरात बोलणं तरी झालं. ताई, कमिटीकडे जाताना नोटीस चुकली असं म्हणत जाऊ नका, माळ्याचं कोटेशन घेऊन जा, त्याने काम होतं.

मी घरी मुलांसाठी एकच कसोटी लावतो, धोका पोराला डोळ्याने दिसतो का. उंची दिसते, उतार दिसतो, वेग कळतो, तिथे त्याला ठरवू देतो. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की मुठेला ते कधी वाढेल पोराला दिसत नाही, भिडे पूल बघता बघता पाण्याखाली जातो, म्हणून नदीपात्र नाही म्हणजे नाही. गाडीच्या मागे उभं राहिलं की ड्रायव्हरला आपण दिसत नाही हे लहान मुलाला सुचत नाही. नायलॉन मांजा २०१७ पासून हरित लवादाने बंद केलाय तरी विकतात, तोही दिसत नाही. असल्या ठिकाणी माझं सरळ नाही.

फिजिओ_पुणे

मुलांच्या ऑर्थो ओपीडीत काम करते. बाणेर दादांची दिसणाऱ्या-न दिसणाऱ्या धोक्याची गोष्ट अगदी बरोबर आहे, कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या सोसायटीने २०२४ मध्ये जे धोरण काढलं त्यात हाच फरक आहे, पोर ओळखून पेलू शकतं तो धोका वेगळा आणि त्याला कळूच शकत नाही तो वेगळा, पहिला ठेवा, दुसरा काढा. नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी मुलं खेळात कुठला धोका शोधतात ते बघितलं, उंची, वेग, हत्यारं, आग-पाणी, मस्ती-कुस्ती आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. सूरपारंब्या, उतारावरची सायकल, दिवाळीत किल्ल्यासाठी फावड्याने माती खणणं, आबाधुबी, लपंडाव, आपल्याकडे सगळं होतंच की! त्यांचं म्हणणं असं की भीती थोडी थोडी चाखली की ती आटोक्यात येते, नाहीतर पुढे तीच मोठी होऊन बसते. मी हे रोज बघते, मनगट मोडलेलं मूल सहा आठवड्यांत बरं होऊन परत पळतं, पण बारा वर्षांचं मूल जिना उतरताना कठडा सोडत नाही, एका पायावर दहा सेकंद उभं राहता येत नाही, त्याला बरं करायला मला महिने लागतात. दुसऱ्या प्रकारची मुलं वाढलीयेत आणि मला त्याची जास्त काळजी वाटते.

सिंहगडरोड ताई, तुमच्या नवऱ्याच्या भीतीसाठी हे घरात सगळ्यांना माहीत असू दे. डोक्यावर पडल्यावर बेशुद्धी, पुन्हा पुन्हा उलटी, झोपाळलेपण, फिट, कानातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल. नुसतं टेंगूळ आलं, मूल रडलं आणि दहा मिनिटांत खेळायला लागलं तर त्या दिवशी लक्ष ठेवा. धनुर्वाताचे डोस वेळेवर. कुत्रा चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच रेबीजची लस, हळद-चुना काही नको.

सिंहगडरोडची_आई

सगळ्यांचे खूप आभार, काकांचं झाडाचं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, तो आता म्हणतोय आधी मीच चढून फांद्या बघतो. माळ्याशी बोलणं झालंय, तो शनिवारी येतोय, कमिटीची मिटिंग त्याच्या पुढच्या रविवारी. एकच विचारायचंय फिजिओ ताई, कमिटीतल्या एका वहिनींनी सुचवलंय की मुलांनी सायकलचं हेल्मेट घालूनच झाडावर चढायचं असा नियम करू, म्हणजे सगळ्यांचंच समाधान. चालेल का?

फिजिओ_पुणे

अजिबात नको! सायकलवर हेल्मेट हवंच, पण झाडावर किंवा जंगलजिमवर चढताना ते काढायचं. दोन फांद्यांच्या बेचक्यात हेल्मेट अडकलं आणि पाय सुटला तर मूल हनुवटीखालच्या पट्ट्याला लटकतं आणि गळा आवळला जातो, असे मृत्यू झालेले आहेत. तसंच ओढणी, नाडीवाली हूडी, गळ्यातला जाड गोफ, पाण्याच्या बाटलीचा पट्टा, सगळं खाली काढून ठेवायचं. मिटिंगमध्ये त्या वहिनींना हे आधीच फोन करून सांगा, चारचौघांत नको.