विमा विक्रीत युनिट मॅनेजरची ऑफर, घरात दोन लहान मुलं, घ्यावी का?

पत्र्याची_पेटी (धागाकर्ती)
नमस्कार. आयुर्विम्याच्या एजन्सीत पाच वर्षं झाली. आता ‘युनिट मॅनेजर व्हा’ म्हणून मागे लागलेत. पहिल्या वर्षात आठ एजंट उभे करायचे आणि स्वतःची विक्रीही चालू ठेवायची. मुलं सात आणि तीन वर्षांची, नवरा शिफ्टमध्ये. माझ्याकडे आठवड्याला ३० तास आहेत, त्यात संध्याकाळी बाहेर पडायला फक्त दोन दिवस. हे बजेट वाढणार नाही. ऑफर घ्यावी का, आणि घेतली तर तास कसे वाटावेत? ‘मनापासून केलं की सगळं जमतं’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

सोनेरी_बिल्ला
घ्याच! एजंट म्हणून तुम्ही थांबलात की नवी मिळकत थांबते. युनिट असेल तर टीमच्या विक्रीवर ओव्हरराइड, म्हणजे मॅनेजरचं कमिशन, येत राहतो. पहिली दोन वर्षं ५०-५५ तास धरून चला, मग आरामच आराम. आणि दरवर्षी एमडीआरटी (मिलियन डॉलर राउंड टेबल, भरपूर विक्री करणाऱ्या विमा एजंटांची संस्था) सोडायचं नाही, टीमपुढे तोच आदर्श. सलग सहा वर्षं झाली, सांगायला हरकत नाही.

आकडेमोड
त्यांनी ३० लिहिलेत, तुम्ही ५५ सांगताय.

३० चा हिशेब मांडू. नव्या एजंटला पहिले बारा आठवडे दर आठवड्याला साधारण तीन तास प्रत्यक्ष सोबत लागते. त्यापेक्षा कमी दिलेत तर तो ओळखीतल्या चार पॉलिसी विकून गप्प बसतो. तुमच्या विक्रीला १२ तास, भरतीच्या भेटींना ४, टीमची एक बैठक १ तास, एकेकट्याशी बोलणं २, कागदपत्रं २. उरले ९. म्हणजे एका वेळी तीनच नवे एजंट. तीन-तीनच्या तुकड्या चार-चार महिन्यांनी घेतल्या तर वर्षात नऊ जण सुरू होतील, पण वर्षअखेर आठ टिकणार नाहीत. काही जण सोडतातच.

म्हणून सही करण्याआधी विचारा: करारातले ‘आठ’ म्हणजे आठ नेमणुका की आठ सक्रिय एजंट? आणि सक्रिय म्हणजे महिन्याला एक पॉलिसी, की तिमाहीला एक? या एका शब्दावर तुमचं वर्ष अवलंबून आहे.

घडी_मोडलेली
आकडेमोड यांच्याशी बाडीस, म्हणजे सहमत. आधी ओळखीतल्या दोनशे नावांची यादी करा, बाकी सगळं नंतर.

आकडेमोड
दोनशे नावांची यादी नव्या एजंटने करायची असते. त्या पाच वर्षं विकताहेत.

शाई_वाळू_दे
करारातलं आणखी एक कुणी विचारत नाही. रजेवर गेलात, मूल आजारी पडलं, तीन महिने युनिट बसलं, तर ओव्हरराइडचं काय? स्वतः विकलेल्या पॉलिसींचं नूतनीकरण कमिशन बहुधा चालू राहतं, पण ओव्हरराइडला बऱ्याच करारांत किमान कामगिरीची अट असते. ती चुकली की ओव्हरराइड थांबतो, कधी युनिट दुसऱ्याकडे जातं. मग परत आल्यावर शून्यापासून. विचारायचे प्रश्न असे: किमान आकडा महिन्याचा की वर्षाचा? रजेत तो गोठतो का? पद सोडून पुन्हा एजंट झालात तर जुने ग्राहक आणि नूतनीकरण तुमच्याच नावावर राहतं का? टीममधला एजंट गेला तर त्याच्या अनाथ पॉलिसी कोण सांभाळणार, आणि त्याचे पैसे कुणाला? उत्तरं ईमेलवर घ्या. ‘आपल्याकडे तसं होत नाही हो’ हे उत्तर नव्हे.

सोनेरी_बिल्ला
इतका कायदा काढला तर कुणीच मॅनेजर होणार नाही. एमडीआरटीवर लक्ष ठेवा. या संस्थेची सुरुवातच विकणाऱ्यांनी केली, १९३० च्या दशकात.

जुनी_पावती
१९२७. मेम्फिस शहरात ३२ जण जमले होते. आणि तो वैयक्तिक विक्रीचा दर्जा आहे, मॅनेजरचा नव्हे. त्याच्या तिप्पट केलं की कोर्ट ऑफ द टेबल, सहापट केलं की टॉप ऑफ द टेबल. टीम घडवण्याशी याचा संबंध नाही. गंमत म्हणजे त्याच संस्थेत १९६२ पासून तत्त्वज्ञ मॉर्टिमर ॲडलर यांची ‘होल पर्सन’ ही कल्पना मांडली जाते: घर, तब्येत, शिक्षण, काम, सेवा असं सगळं मिळून माणूस. बिल्ला लावणारे तेवढंच पान गाळतात.

सोनेरी_बिल्ला
वैयक्तिक टीका नको.

टोकदार_पेन्सिल
धागा परत रुळावर. सोबत जाण्याबद्दल लिहितो, कारण नवे मॅनेजर तास घालवतात ते तिथेच.

पहिल्या तीन भेटींत तुम्ही बोलायचं, एजंटने ऐकायचं आणि ग्राहकाचे प्रश्न लिहून घ्यायचे. पुढच्या चार भेटींत ओळख आणि माहिती घेणं त्याचं, योजना मांडणं तुमचं. त्यानंतरच्या तीन भेटी पूर्ण त्याच्या, तुम्ही गप्प. गप्प म्हणजे खरंच गप्प. सौदा हातचा जातोय असं दिसलं की मॅनेजर मध्ये पडतो, पॉलिसी होते, आणि एजंट एकच धडा शिकतो की क्लोजिंगला, म्हणजे सौदा पक्का करायला, मॅडम येतात. सहा महिन्यांनी आठही जण प्रत्येक क्लोजिंगला तुम्हालाच बोलावतील, तेही संध्याकाळी. घर मोडतं ते इथे. भेट संपली की बाहेर पडल्या पडल्या दहा मिनिटं चर्चा: काय ठरवलं होतं, काय झालं, पुढच्या वेळी कोणतं एक वाक्य बदलायचं. एकच वाक्य. पाच चुका सांगितल्यात तर एकही सुधारत नाही.

आणि प्रमाण मोजा. विमा विक्रीतल्या ग्रॅनम यांचं जुनं १०-३-१ घ्या: पारखलेली दहा नावं, त्यातून तीन सविस्तर माहिती-भेटी, त्यातून एक ग्राहक. एजंट दहातून तीनवर पोचत नसेल तर दोष फोनवरच्या बोलण्यात आहे. तीनमधून एक होत नसेल तर दोष प्रश्न विचारण्यात आहे. मग त्याच्यासोबत कुठे जायचं ते आपोआप ठरतं, सगळीकडे जावं लागत नाही.

वाटेवरचा_दिवा
संध्याकाळबद्दल. ग्राहकाच्या घरचा निर्णय दोघांचा असतो. एकट्यालाच भेटलात तर ‘विचार करून कळवतो’ आणि दुसरी फेरी ठरलेलीच. फोनवरच विचारा, ‘दोघंही असाल तो दिवस कोणता?’ ‘कधी येऊ?’ विचारू नका, दोन वेळा पुढे ठेवा: मंगळवार साडेसहा की गुरुवार साडेसात. दुकानदार, व्यावसायिक, शिक्षक यांना दिवसा भेटता येतं, त्यांची वेगळी यादी ठेवा. माहिती घेण्याची पहिली भेट व्हिडिओवर, योजना मांडण्याची समोरासमोर. दोन संध्याकाळी पुरतात. शनिवार-रविवार मात्र मुलांचे, तिथे तडजोड नाही.

घडी_मोडलेली
+१. शनिवार सोडू नका. शनिवार गेला की सगळं गेलं.

जुनी_पावती
+१, शनिवार घराचा.

मोकळा_खिसा
एवढं कशाला? नवऱ्याच्या नावाने एक एजंट कोड काढा, विक्री तुम्हीच करा, आठातला एक झाला.

शाई_वाळू_दे
अजिबात नको. परवाना ज्याच्या नावावर, त्यानेच ग्राहकाला भेटून सल्ला द्यायचा असतो. तक्रार आली तर ‘मी त्यांना कधी भेटलोच नाही’ हे त्याला लेखी द्यावं लागेल, आणि मॅनेजर म्हणून दुसरी सही तुमची असेल. एका घरातली दोन उत्पन्नं एकाच तक्रारीवर टांगायची कशाला?

आकडेमोड
याच्याच जोडीला: शाळेच्या फाटकावर भेटणाऱ्या पालकांना टीममध्ये घेण्याचा मोह होतो. चार महिन्यांनी त्यातल्या एकीला ‘हे काम तुमचं नाही’ सांगायची वेळ आली की रोज सकाळी तिथेच उभं राहायचंय. कोड काढण्याआधी प्रत्येक उमेदवाराकडून शंभर नावं घ्या, वय-व्यवसाय-मुलं या तपशिलासह. मग दहा ओळखीच्यांशी पंधरा-पंधरा मिनिटं बोलून यायला सांगा, काही न विकता. जो दहा जणांकडे वेळ मागू शकत नाही, तो नंतरही मागणार नाही. यात तुमचे खर्च झालेले तास: एक.

टोकदार_पेन्सिल
पर्सिस्टन्सीवर, म्हणजे विकलेल्या किती पॉलिसी चालू राहतात यावर, कुणी लिहिलंच नाही. तेराव्या महिन्याचा आकडा सगळे पाहतात, कारण वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत दुसरा हप्ता तेव्हाच येतो. पण आज नेमलेला एजंट चुकीचं विकतोय हे त्या आकड्यात दिसायला वर्ष लागतं. तोवर त्याचं कमिशन परत कापलं गेलेलं असतं, त्यावरचा तुमचा ओव्हरराइडही, आणि तो बहुधा गेलेला असतो. मासिक हप्तेवाल्यांचा तिसरा आणि चौथा हप्ता पाहा. बँकेतून आपोआप कापला जायची सोय झाली नसेल तर गळती तिथेच सुरू होते. दर सोमवारी वीस मिनिटं, एक यादी, ज्याचा हप्ता चुकला त्याला एजंटचाच फोन. तुमचा नव्हे.

प्रस्ताव महिन्याच्या २० तारखेच्या आत आत टाकायची सवय लावा. शेवटच्या आठवड्यात टाकलेले फॉर्म वैद्यकीय तपासणी, उत्पन्नाचा पुरावा, नावातला एका अक्षराचा फरक यात अडकतात, आणि मग ३० तारखेला रात्री अकरापर्यंत मॅनेजर फोनवर.

वाटेवरचा_दिवा
दाव्याचे फोन मात्र वेळ बघून येत नाहीत. कामाचा नंबर वेगळा ठेवा. टीम चार जणांची झाली की रात्रीच्या फोनची पाळी लावा.

मोकळा_खिसा
पाळी कोण पाळतं हो?

घडी_मोडलेली
वाचनखूण साठवली आहे.

पत्र्याची_पेटी
सगळ्यांचे आभार, विशेषतः शाई_वाळू_दे. ते चारही प्रश्न पाठवले. ‘आठ’ म्हणजे सक्रिय, तिमाहीला एक पॉलिसी. रजेत अट गोठते, पण फक्त नव्वद दिवस. पद सोडलं तर जुने ग्राहक माझेच. अनाथ पॉलिसींचं उत्तर अजून आलेलं नाही, त्यामुळे सही झालेली नाही. पहिल्या वर्षासाठी आठऐवजी पाच मागितलेत. पाच मिळाले तर घेणार, नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

एका गोष्टीत मात्र तुम्हा सगळ्यांविरुद्ध जातेय. संध्याकाळ एकही नाही. शनिवारी सकाळी आठ ते रात्री आठ बाहेर. नवऱ्याला पक्की सुट्टी शनिवारचीच आहे, आणि ग्राहकांच्या घरीही त्या दिवशी दोघं सापडतात. संध्याकाळी सातला धाकटीला झोप येते, तेव्हा मीच लागते. एजंटांच्या संध्याकाळच्या भेटींचं टोकदार_पेन्सिल म्हणतात तसं करीन: पहिल्या सात भेटी दिवसा किंवा शनिवारी सोबत, शेवटच्या तीन संध्याकाळी त्यांनी एकट्याने, आणि दहा मिनिटांची चर्चा फोनवर.

टोकदार_पेन्सिल
शेवटच्या तीनमध्ये गप्प बसायचं म्हटलं होतं, गैरहजर राहायचं नव्हे. फोनवर एजंट त्याला आठवतं तेवढंच सांगतो.

पत्र्याची_पेटी
ग्राहकाचे प्रश्न लिहून घ्यायला लावीन. बघू.

सोनेरी_बिल्ला
३० तासांत एमडीआरटी होणार नाही एवढं लिहून ठेवा.

घडी_मोडलेली
ताई, दोनशे नावांची यादी झाली का?